मिनिटाला किती लिटर?

१९ एप्रिल २०२१, सोमवार. रात्री कळंबोलीहून एक मालगाडी सुटली. सपाट वाघिणींवर सात टँकर, सातही रिकामे. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन भरून आणायचा होता. घाटातले बोगदे, रुळांवरचे पूल आणि डोक्यावरची विजेची तार या सगळ्यांखालून जाईल असा टँकर शोधताना रेल्वेने मापं घेतली, तेव्हा ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर बसला. तरीही सरळ घाटाची वाट सोडून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घ्यावा लागला. कळंबोलीहून वसईला जाणारे रूळ दिवा, कोपर, भिवंडी रोड असेच जातात. म्हणजे सगळ्या देशाचं लक्ष लागलेली ती गाडी डोंबिवलीला खेटून गेली. त्या रात्री डोंबिवलीतल्या घराघरांत फोनवर एकच प्रश्न विचारला जात होता, 'बेड आहे का हो, ऑक्सिजनचा?'

आदल्याच दिवशी, रविवारी, महाराष्ट्रात कोविडचे ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले होते. साथीच्या सगळ्या काळातला राज्याचा तो सर्वांत मोठा आकडा. ऑक्सिजनची रोजची गरज दीड हजार टनांवर गेली होती आणि राज्यात तयार होत होता साधारण साडेबाराशे टन. ३० मार्चला राज्य सरकारने ८० टक्के ऑक्सिजन रुग्णालयांना आणि २० टक्के उद्योगांना अशी वाटणी ठरवली होती. पंधरवड्यात ती वाटणीही मागे पडली आणि सगळाच रुग्णालयांकडे वळवावा लागला. जामनगरहून १०० टन मिळणार ही बातमी दिली ती नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी, जे ठाण्याचे पालकमंत्रीही होते. कोपरवरून रिकामी गेलेली गाडी भरून परतली ती २३ तारखेला नागपूरला आणि २४ला नाशिकला. आपल्या वाट्याची गाडी पुढच्या सोमवारी, २६ एप्रिलला आली. गुजरातेतल्या हापा स्थानकातून तीन टँकर, सुमारे ४४ टन, मुक्काम कळंबोली.

त्या दिवसांचा इतिहास असा टनांत सांगितला जातो, कारण वर्तमानपत्रांत आणि मंत्र्यांच्या तोंडी टनच होते. वॉर्डात मात्र टन कुणी पाहिलेला नाही. तिथे भिंतीवर एक काचेची नळी असते, नळीत एक छोटी गोळी तरंगते, आणि खालची चकती फिरवली की ती वरखाली होते. गोळी ज्या आकड्यावर थांबेल तितके लिटर दर मिनिटाला रुग्णाकडे जातात. या लेखाला सांगायचंय ते त्या चकतीबद्दल. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला मात्रा असते, आणि आपल्याला ते कळलं ते औषध संपत आल्यावर.

कायद्याला हे आधीपासून ठाऊक होतं. रुग्णालयातला ऑक्सिजन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची किंमतही औषधासारखीच सरकार ठरवतं. सप्टेंबर २०२०मध्ये सिलिंडर भरणाऱ्यांसाठी ती घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे अशी बांधून दिली होती. मोठ्या सिलिंडरात, ज्याला सगळे 'जंबो' म्हणतात, सात घनमीटर वायू मावतो. म्हणजे कर आणि वाहतूक सोडून भरलेल्या जंबोचा कागदोपत्री भाव १८० रुपये. एप्रिलमध्ये काळ्या बाजारात तो कितीला गेला हे ज्यांनी मोजले त्यांना विचारावं.

आणि आपल्या मनात ऑक्सिजन म्हणजे काय होतं? 'ऑक्सिजन लावलाय' हे वाक्य मराठी घरात आवाज खाली घेऊन उच्चारलं जातं. त्याचा अर्थ असतो, आता येऊन भेटून जा. दुसरीकडे ती तर हवाच, हवेने कुणाचं काय बिघडणार, हीही समजूत. या दोन टोकांच्या मध्ये मात्रेला जागाच नव्हती.

हे औषध तसं जुनं आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या एका गोष्टीला कल्याणची एक किनार आहे. कल्याणच्या जोश्यांची यमुना, म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी, फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण घेत होत्या. मार्च १८८५मध्ये त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लोगनव्हिल या गावी निमोनियाने निळा पडत चाललेला सोळा वर्षांचा एक मुलगा होता. जॉर्ज होल्टझॅपल नावाच्या तरुण डॉक्टरने पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड एकत्र तापवून ऑक्सिजन तयार केला, पाण्यातून बुडबुडे काढत तो मुलाच्या नाकाशी आणला, आणि मुलगा वाचला. वर्षभराने, ११ मार्च १८८६ला, आनंदीबाईंना पदवी मिळाली. होल्टझॅपलचा लेख छापून आला १८८७मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या.

पुढे जर्मनीत लिंडे नावाच्या इंजिनिअरने हवा थंड करून द्रवरूप केली आणि तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला, तेव्हा हा वायू कारखान्यात बनू लागला. पण कारखान्यांसाठीच. भारतात १९३५मध्ये निघालेल्या कंपनीच्या नावातच ऑक्सिजनच्या जोडीला ॲसिटिलीन होतं, म्हणजे मुख्य गिऱ्हाईक वेल्डर. रुग्णालय हे कायम या धंद्याचं धाकटं गिऱ्हाईक राहिलं. साथीपूर्वी देशभरातल्या रुग्णालयांना रोज लागत होता अवघा ७०० टन. मे २०२१मध्ये मागणी नऊ हजार टनांपर्यंत चढली.

जास्त दिला तर काय होतं, हे जगाला बाळांनी शिकवलं. १९४०च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळं काचपेटीत ठेवून त्यांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई, आणि ती जगत, पण आंधळी होत. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१मध्ये बोट दाखवलं ते ऑक्सिजनकडे. नंतरच्या मोठ्या चाचणीने ते खरं ठरवलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली होती. मोठ्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने कळली. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार झालेल्या माणसाला एकदम भरपूर ऑक्सिजन दिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून तो गुंगीत जाऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीने २००८मध्ये सांगितलं की ऑक्सिजन हा औषधासारखा लिहून द्यावा, आणि रक्तात तो कितीवर ठेवायचा हेही लिहावं. २०१८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात पंचवीस चाचण्यांमधले सोळा हजार रुग्ण एकत्र तपासले होते. सढळ ऑक्सिजन मिळालेल्यांत मृत्यू जास्त निघाले. कोविडसाठी भारताने सॅच्युरेशनचं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचं, लक्ष्य ठरवलं ९२ ते ९६ टक्के, आणि सीओपीडीवाल्यांसाठी ८८ ते ९२. म्हणजे शंभर हा आकडा उपचाराचं ध्येय कधीच नव्हता. नातेवाइकांना मात्र शंभरच हवा असायचा. '९३ आहे? वाढवा ना हो सिस्टर, थोडा वाढवा,' हे वाक्य किती वॉर्डांत किती वेळा बोललं गेलं असेल!

तो आकडा दाखवणारं बोटावरचं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये शोधलं. आओयागी वारले १८ एप्रिल २०२०ला. बरोबर वर्षाने, १८ एप्रिल २०२१ला, महाराष्ट्राने आपला सर्वांत वाईट दिवस पाहिला आणि घरोघरी लोक त्यांच्या यंत्रात बोट घालून बसले होते. या यंत्रालाही खोडी आहेत. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर ते चुकतं. त्वचा सावळी असेल तर ते काही वेळा असतो त्यापेक्षा चांगला आकडा दाखवतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये छापलं. आपल्याकडे या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं, आपण कोण गोरे लागून गेलोत!

आता ठाणे जिल्ह्यात हा ऑक्सिजन पोहोचत कुठे होता ते बघू. ठाण्यात बाळकुमला ग्लोबल हबच्या इमारतीत जून २०२०मध्ये १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. माजिवड्याला गाड्या ठेवायला बांधलेला पार्किंग प्लाझा रुग्णालय झाला. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलात खाटा लागल्या. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही पालिकेची नेहमीची रुग्णालयं होतीच. उरलेला भार पडला तो रहिवासी इमारतीत पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या नर्सिंग होमवर. खाली औषधाचं दुकान, वर दहा-पंधरा खाटा, जिन्याखाली साखळीने बांधलेले दोन-चार जंबो. या व्यवस्थेत कधीकाळी अपेंडिक्सच्या पेशंटला चार तास ऑक्सिजन लागे. एप्रिलमध्ये प्रत्येक खाट ऑक्सिजनवर होती. पार्किंग प्लाझातही पुरवठा अपुरा पडला, आणि रुग्णांना तिथून ग्लोबलला हलवावं लागलं.

इथे जरा गणित करू, कारण सगळा प्रकार त्यातच आहे. जंबोत सात हजार लिटर. पिशवीवाला मास्क १५ लिटरवर चालवला तर एक जंबो पावणेआठ तासांत संपतो. म्हणजे एका माणसाला दिवसाला तीन. नाकातून मिनिटाला साठ लिटरपर्यंत वायू सोडणारं यंत्र, ज्याला सगळे एचएफएनसी म्हणत, पूर्ण क्षमतेने ऑक्सिजनवर लावलं तर तोच जंबो दोन तासही पुरत नाही. एका माणसाला दिवसाला बारा! राज्याच्या कोविड कृती दलाने ही यंत्रं जपून वापरा म्हटलं त्यामागे हे होतं. आता उलट बाजूने पाहा. शंभर रुग्ण १५ लिटरवर आहेत आणि तपासून, सॅच्युरेशन टिकतंय याची खात्री करून त्यांना १० वर आणलं, तर दिवसाला सात लाख वीस हजार लिटर वाचतात. वजनात तो जवळजवळ एक टन होतो. शंभर चकत्या जरा मागे फिरवल्या की एक टन. हा टन आणायला ना रेल्वे लागते, ना विशाखापट्टणम.

पण चकती मागे फिरवणंही जाणत्याचंच काम. पिशवीवाल्या मास्कची पिशवी श्वास घेताना चपटी झाली तर वायू अपुरा पडतो. तेव्हा कमी करायचं तर मास्कच बदलायचा, साधा मास्क लावायचा, आणि साधा मास्क पाच लिटरच्या खाली न्यायचा नाही, नाहीतर माणूस स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढतो. त्याहून कमी लागत असेल तर नाकातल्या नळ्या. जेवताना मास्क काढून उशीवर ठेवला की वायू उशीत जातो. शौचाला गेलेल्या रुग्णाचा प्रवाह चालूच राहतो. मास्क गालाला नीट बसत नाही. या सगळ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा, आणि एप्रिलमध्ये एका सिस्टरकडे किती खाटा होत्या हे कुणाला सांगायला नको. यावर उपाय निघाला नंदुरबारला. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या. त्यांचं काम एकच. खाटेखाटेला जायचं, आकडा बघायचा, मास्क बघायचा, लागेल तेवढंच ठेवायचं. भारूड स्वतः डॉक्टर, आणि त्यांनी पहिल्या लाटेतच जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन काढणारा प्रकल्प बसवला होता. राज्यातला एक मागासलेला म्हणून गणला जाणारा आदिवासी जिल्हा मुंबईच्या शेजारच्या शहरांना शिकवत होता. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, शिकण्यासारखं दिसतं.

आपल्याकडेही काही घडलं होतं. कल्याण-डोंबिवलीत आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांच्या काळात खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन 'डॉक्टर आर्मी' उभी राहिली. जून २०२१मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट सिटी पुरस्कारांत कोविडमधल्या नव्या उपक्रमांचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना मिळाला. आरोग्य विभागाची सहा मिनिटं चालण्याची चाचणी तर घराघरांत पोहोचली. आधी आकडा बघा, खोलीत सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा. ९३च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टर गाठा. आणि पालथं झोपा. २२ एप्रिलला केंद्रानेही त्याची चित्रं काढून दिली. पालथं झोपायला एक पैसा लागत नव्हता आणि त्याने कितीतरी जणांचा आकडा चार-पाचने वर आला.

त्याच आठवड्यात ऑक्सिजनची दुसरी बाजूही उघडी पडली. बुधवारी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती सुरू झाली. उणे १८३ अंशांचा द्रव बाहेर पडला, सगळ्या आवारात पांढरं धुकं पसरलं, आणि आत नळांतला दाब पडला. २२ जण गेले. टाकीत ऑक्सिजन होता, टँकरही दारात होता. नेमक्या त्या अर्ध्या तासात टाकीची जागा घेईल असं दुसरं काही पुरेसं नव्हतं. कुठल्याही रुग्णालयात टाकीच्या मागे भरलेल्या सिलिंडरांची रांग जोडलेली असावी आणि दाब पडताच घंटा वाजावी, हा धडा पाठ्यपुस्तकात होताच. तो नाशिकने रक्ताने लिहिला. शुक्रवारी पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, तेरा जण त्याच दिवशी गेले. सोमवारी, म्हणजे हाप्याची गाडी कळंबोलीला आली त्याच दिवशी, ठाण्यात वर्तकनगरच्या एका खासगी रुग्णालयात काही तासांत चार रुग्ण दगावले. ऑक्सिजन कमी पडला असं नातेवाईक म्हणाले, रुग्णालयाने ते नाकारलं, चौकशी समिती बसली. बुधवारी, २८ तारखेला पहाटे, मुंब्र्यात कौशाच्या प्राइम क्रिटिकेअर रुग्णालयाला आग लागली आणि चार रुग्ण गेले. ते रुग्णालय कोविडचं नव्हतं.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला तो भडकवतो. हवेत तो २१ टक्के असतो. बंद खोलीत, गळके मास्क आणि सैल जोड यांतून तो दोन-चार टक्क्यांनी वाढला तरी चादर, केस, प्लॅस्टिकचा पडदा यांचं वागणं बदलतं. एरवी विझून गेली असती ती ठिणगी पेटते. त्यात दिवसरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रं, एकाच फळीवर लावलेले पाच प्लग, आणि हाताला लावलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर. उद्योगातले सिलिंडर रुग्णालयात आले तेव्हा आणखी एक भीती होती. जोड सहज फिरावा म्हणून कुणी तेलाचं वा ग्रीसचं बोट लावलं, तर दाबाखालचा ऑक्सिजन तिथेच पेट घेतो. आपल्याकडे रुग्णालयाचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा असतो. तो खांदा बघायची सवय वॉर्डातल्या मावशी-मामांपर्यंत पोहोचली पाहिजे, कारण सिलिंडर बदलतात तेच.

मे महिन्यात काळी बुरशी आली, ठाणे जिल्ह्यातही. साखरेचा आजार आणि स्टेरॉइड ही तिची मुख्य कारणं. पण भिंतीवरच्या त्या बाटलीकडेही, जिच्यातून ऑक्सिजन बुडबुडत ओला होऊन येतो, डॉक्टरांचं लक्ष गेलं. तिच्यात नळाचं पाणी घालायची सवय जुनी होती. निर्जंतुक पाणी, रोज बदललेलं, आणि बाटली धुतलेली, एवढं साधं काम. ते साधं होतं म्हणूनच होत नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने ८ मेला ऑक्सिजनच्या वाटपासाठी बारा जणांचं राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यात मुलुंड आणि कल्याणच्या फोर्टिसमधले अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. राहुल पंडित होते. राज्यांना मिळणारा ऑक्सिजन प्रत्यक्षात कुठे आणि कसा वापरला जातो याची तपासणी करणं हेही त्या दलाच्या कामात होतं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही शेवटी चकतीपर्यंत यावं लागलं. राज्य मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात रोज ३,००० टन उत्पादनाचं लक्ष्य ठेवलं, ठिकठिकाणी हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प बसले. २० जुलैला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नेमकी नोंद राज्यांनी केंद्राकडे पाठवलेली नाही. डॉ. पवार खासदार होत्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या.

त्या वर्षी डोंबिवली-कल्याणमध्ये अनेक सोसायट्यांनी आणि घरांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले. त्यातले बरेच आता माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. आजीला दम लागला की कुणीतरी तो खाली काढतो. काढण्याआधी डॉक्टरांना दोन आकडे विचारा आणि चिठ्ठीवर लिहूनच घ्या. मिनिटाला किती लिटर, आणि सॅच्युरेशन कितीवर ठेवायचं. मग गाळणी धुवा, बाटलीतलं जुनं पाणी ओता, आणि देवघरातला दिवा त्या खोलीत असेल तर तो आधी दुसऱ्या खोलीत न्या.